डब्यातली बातमी

आम्ही शाळेत मुख्याध्यापक होतो, तेव्हा आमच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात एक जाड वही असे. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. पोराचं नाव घालायला बाप आला, की त्या वहीत एक ओळ लिहायची. पोराचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, गाव. बस्स, एवढंच. लिहिताना त्या ओळीचं कुणाला काही वाटत नसे. बापाला घाई असे, मास्तरांना तास असे.

पण चाळीस-पन्नास वर्षं जातात. तोच पोरगा म्हातारा होऊन दारात उभा राहतो. "गुरुजी, वयाचा दाखला पाहिजे." नाहीतर त्याचा नातू येतो. "आजोबांच्या नावापुढं जात काय लिहिली आहे, तेवढं बघून द्या." मग आम्ही वही काढायचो, धूळ झटकायचो आणि ती ओळ शोधायचो. ओळ सापडली, की समोरच्या माणसाचा चेहरा असा उजळे, की जणू हरवलेली गाय गोठ्यात परत आली.

आज आम्ही अशाच एका वहीची गोष्ट सांगणार आहोत. फरक इतकाच, की ही वही कागदाची नाही. ती चित्रांची आहे. बोलत्या, चालत्या चित्रांची.

मोठी बातमी आणि धाकटी बातमी

दूरदर्शनवर बातम्या लागतात हे तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. त्यांत काही बातम्या मोठ्या असतात. सरकार बदललं, युद्ध पेटलं, भूकंप झाला. अशा बातम्या पुढं पुस्तकांत जातात. त्यांना विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

पण काही बातम्या धाकट्या असतात. एका गावचा साकव वाहून गेला. कांद्याचा भाव पडला. एस.टी.चा थांबा हलवला म्हणून बाया रस्त्यावर बसल्या. शाळेला कुलूप लागलं. ही बातमी एका संध्याकाळी दाखवतात. मिनिट, दीड मिनिट. दुसऱ्या दिवशी तिची आठवणही कुणाला राहत नाही.

मग तुम्ही म्हणाल, अशी बातमी जपून ठेवायची कशाला? आम्हीही पूर्वी असंच म्हणत होतो. पण अमेरिकेतल्या एका शहराची हकीकत वाचली आणि आमचं मत फिरलं. ती आधी सांगतो.

टोपीवाला मुलगा

अमेरिकेत मिनेसोटा नावाचं राज्य आहे. त्यात मिनियापोलिस हे मोठं शहर आहे. त्या मुलखात थंडी फार. अमेरिकेत देशभर दिसणाऱ्या वाहिन्या आहेत, तशी प्रत्येक भागाची स्वतःचीही दूरदर्शन केंद्रं आहेत. ती आपल्या टापूतल्या बातम्या दाखवतात. मिनियापोलिसच्या अशा एका केंद्राचं नाव डब्ल्यू.सी.सी.ओ.

१९७० सालच्या एप्रिल महिन्यात त्या शहरातल्या शिक्षकांनी संप केला. पगार कमी, वर्गात मुलं जास्त. तेव्हा त्या राज्यात सरकारी नोकरांना संपाची कायद्यानं बंदी होती. तरीही शिक्षक बाहेर पडले. हातात पाट्या घेऊन शाळेपुढं फेऱ्या मारू लागले. पुढच्याच वर्षी, १९७१ साली, तिथला कायदा बदलला आणि अशा नोकरांना वाटाघाटी करण्याचा हक्क मिळाला. आम्ही शिक्षकाच्या जातीचे, म्हणून हे जरा लांबवून सांगतो. वाचकांनी माफी करावी.

तर त्या वेळी डब्ल्यू.सी.सी.ओ.चा बातमीदार कॅमेरावाल्याला घेऊन शाळेपाशी गेला. मोठ्या माणसांशी बोलून झालं. मग तिथं पोरं घोटाळत होती, त्यांच्यापुढं त्यानं मायक्रोफोन धरला. विचारलं, तुम्हाला काय वाटतं या संपाचं? एक टोपी घातलेला, दिसायला लहानखुरा मुलगा हसत हसत पुढं आला. त्यानं सांगितलं, की शिक्षक आमच्यासाठी जादा वेळ काम करतात, त्यांना जास्त पैसे मिळायला हवेत. झालं. बातमी दाखवली. फिल्म गुंडाळून डब्यात गेली. डबा फळीवर गेला.

मध्ये बावन्न वर्षं गेली.

२०२२ सालच्या मार्च महिन्यात मिनियापोलिसच्या शिक्षकांनी पुन्हा संप केला. तेव्हा केंद्रातल्या एकाला सुचलं, की मागच्या संपाची चित्रं काढून बघावीत. डबा सापडला. पण ती फिल्म चालवायचं यंत्र आता केंद्रात उरलं नव्हतं. बाहेरच्या जाणकाराकडून ती साफसूफ करून नव्या पद्धतीनं उतरवून घेतली. चित्र पडद्यावर आलं. आणि तो टोपीवाला मुलगा हसला, तसा पाहणारा माणूस खुर्चीतून उठलाच. हा चेहरा ओळखीचा आहे!

त्या शहरात १९५८ साली एक मुलगा जन्मला होता. त्याचं नाव प्रिन्स. मोठेपणी तो इतका नामांकित गायक झाला, की जगभर लाखो लोक त्याची गाणी ऐकत. १९८४ सालचा त्याचा 'पर्पल रेन' हा सिनेमा आणि त्यातली गाणी फार गाजली. २०१६ साली तो वारला. संपाच्या वेळी तो अकरा वर्षांचा असणार. पण फिल्मवर त्या मुलानं नाव सांगितलेलं नव्हतं. डब्यावरही नाव नव्हतं. नुसत्या हसण्यावरून कसं ठरवायचं?

मग शोध सुरू झाला. शाळेतले जुने फोटो काढले. त्याच वयाच्या प्रिन्सचा फोटो शेजारी ठेवून पाहिला. त्याच्याबरोबर लहानपणी खेळलेला शेजारचा एक सोबती अजून हयात होता. त्याला ती फिल्म दाखवली. त्यानं पाहता क्षणी ओळखलं, आणि लहानपणी त्याला 'स्किपर' म्हणत, त्या नावानं हाक मारली. तेव्हा कुठं खात्री पटली.

ही बातमी जगभर गेली. लोक म्हणाले, काय नशीब! प्रिन्स सापडला.

आमचं म्हणणं जरा वेगळं आहे. प्रिन्स सापडला, चांगलं झालं. पण त्या फिल्ममध्ये दुसरीही पोरं आहेत. फेऱ्या मारणारे शिक्षक आहेत. त्यांचे कोट, त्यांच्या टोप्या, रस्त्यावरच्या मोटारी, शाळेची दारं आहेत. त्यांतलं कुणी नामांकित झालं नाही. पण त्यांच्याही घरी मुलंनातवंडं असतीलच. आपली आजी तरुणपणी थंडीत पाटी घेऊन कशी उभी होती, हे त्या नातवाला दुसरीकडं कुठं बघायला मिळणार? गायकाचा फोटो शंभर ठिकाणी मिळेल. आजीचा हालता-चालता फोटो तेवढाच.

फिल्म म्हणजे काय, ती टिकते कशी

आता ही फिल्म काय चीज आहे ते पाहू. त्या काळी बातमीसाठी वापरत ती फिल्म सोळा मिलिमीटर रुंदीची असे. म्हणजे जवळजवळ एका बोटाएवढी. तिच्यावर बारीक बारीक चौकोनी चित्रं ओळीनं उमटतात. एका फुटात चाळीस चित्रं. अमेरिकेत एका सेकंदाला चोवीस चित्रं डोळ्यांपुढून सरकवत, म्हणून आपल्याला माणूस चालतो आहे असं दिसतं. शंभर फुटांची गुंडाळी पावणेतीन मिनिटांतच संपे. कॅमेरावाल्याला फार जपून दाबायचं बटण! आजच्या मोबाईलसारखं नव्हे, की सुरू केला आणि विसरला.

गुंडाळी घेऊन माणूस धावत केंद्रावर येई. तिथं अंधाऱ्या खोलीत औषधांच्या पाण्यात ती धूत. मग वाळवत, कातरत, हवे ते तुकडे जोडत, आणि संध्याकाळच्या बातमीला लावत. बहुतेक वेळा कॅमेऱ्यात असलेली फिल्म तीच पडद्यावर जाई. दुसरी प्रतच नसे. म्हणून ती एक गुंडाळी गेली की सगळं गेलं.

आणखी एक गंमत आहे. बातमी सांगणारा माणूस केंद्रात बसून तिथल्या तिथं वाचत असे. त्याचं बोलणं फिल्मवर नसे. त्यामुळं पुष्कळ जुन्या गुंडाळ्या मुक्या आहेत. माणसं चालतात, हात हलवतात, तोंड उघडतात, पण आवाज नाही. काय चाललं आहे ते आपण कसं समजायचं? त्याचं उत्तर पुढं येईल.

फिल्म सांभाळणं सोपं नाही. ती ऊब आणि ओल यांनी कुजते. कुजायला लागली, की तिला शिरक्यासारखा आंबूस वास येतो. ती आकसते, वाकडी होते, आणि मग यंत्रातून जात नाही. रंग उडतात. म्हणून तिला थंड आणि कोरड्या खोलीत ठेवावं लागतं. आपण बियाणं ठेवतो तसंच म्हणा ना. ओल लागली की संपलं.

फुटलेला देवमासा

त्याच १९७० सालची आणखी एक हकीकत सांगितल्याशिवाय आम्हाला राहवत नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ओरेगन राज्यात फ्लॉरेन्स नावाचं लहान गाव आहे. त्या नोव्हेंबरात तिथल्या वाळूवर एक मेलेला देवमासा वाहून आला. पंचेचाळीस फूट लांब आणि सुमारे आठ टन वजनाचा. दोन-तीन दिवसांत घाण सुटली. आता याची विल्हेवाट कोणी लावायची? त्या राज्यात समुद्रकिनारा हा कायद्यानं रस्ताच धरला जाई. म्हणून काम आलं रस्तेखात्याकडं.

रस्तेवाल्यांनी विचार केला. पुरला तर लाटा वाळू उकरतील आणि पुन्हा वर येईल. कापायला कोण धजणार? त्यापेक्षा सुरुंग लावू. बारीक तुकडे झाले म्हणजे समुद्रपक्षी खाऊन टाकतील. १२ नोव्हेंबरला त्यांनी त्या माशाखाली वीस पेट्या डायनामाइट ठेवलं. जवळजवळ अर्धा टन! गावकरी लांब उभे राहून बघत होते. पोर्टलंड शहराच्या के.ए.टी.यू. केंद्राचा बातमीदार आणि कॅमेरावालाही होता.

बार उडाला. वाळू उडाली. क्षणभर लोक खुशीत ओरडले. आणि मग आभाळातून चरबीचे लादे पडू लागले. लोक जीव घेऊन पळाले. पाव मैलावर उभ्या केलेल्या एका मोटारीवर एवढा मोठा लादा पडला, की तिचं छप्पर चेपलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. आणि माशाचं काय? त्याचं बरंचसं धूड जागच्या जागीच पडून राहिलं. शेवटी ते पुरावंच लागलं.

ही गोष्ट तुम्ही पारावर सांगितली तर लोक म्हणतील, गुरुजी, काहीही सांगता! तिकडेही पुष्कळांनी ती थापच धरली. पण फिल्म होती. बार, धूर, पळणारी माणसं, चेपलेली मोटार, सगळं तिच्यावर होतं. बातमीला पन्नास वर्षं झाली तेव्हा, २०२० साली, ओरेगनच्या इतिहास मंडळाकडं असलेली ती मूळ फिल्म नव्या यंत्रावर उतरवण्यात आली. आता ती पूर्वीपेक्षाही स्वच्छ दिसते. त्याच वर्षी फ्लॉरेन्सच्या लोकांनी गावातल्या एका बागेला त्या फुटलेल्या देवमाशाचं नाव दिलं.

हसून झालं की एक गोष्ट ध्यानात घ्या. १९७९ साली त्याच गावाजवळ एकदम एक्केचाळीस देवमासे वाळूवर येऊन मेले. तेव्हा कुणी सुरुंगाचं नाव काढलं नाही. जाळून पुरून टाकले.

साहेबाच्या मुलखातला दप्तरखाना

इंग्लंडच्या मधल्या भागात बर्मिंगहॅम, लेस्टर ही कारखान्यांची शहरं आहेत. तिथं ए.टी.व्ही. नावाची कंपनी होती. तिचा 'ए.टी.व्ही. टुडे' हा स्थानिक बातम्यांचा कार्यक्रम १९६४ पासून १९८१ पर्यंत चालला. कंपनी गेली, तिच्या जागी दुसरी आली. पण डबे राहिले. २००० साली तिथल्या मंडळींनी एक संस्था काढली. मीडिया आर्काइव्ह फॉर सेंट्रल इंग्लंड. तुमच्या-आमच्या भाषेत, त्या मुलखाच्या चित्रांचा दप्तरखाना. तो लिंकनच्या विद्यापीठात आहे. तिथं हे डबे सांभाळतात, उतरवून घेतात आणि लोकांना दाखवतात.

पुण्यात पेशवे दप्तर आहे. त्यात कुठल्या किल्ल्याला किती धान्य गेलं, कुणाला किती वेतन दिलं, असले कागद आहेत. लिहिणाऱ्या कारकुनाला वाटलं असेल का, की दोनअडीचशे वर्षांनी कुणी हे वाचील? तसंच हेही.

या इंग्लंडच्या दप्तरखान्यात आपल्याकडच्या माणसांचीही चित्रं आहेत. १९७२ सालच्या ऑगस्टमध्ये आफ्रिकेतल्या युगांडा देशाचा सत्ताधीश ईदी अमीन यानं हुकूम काढला, की इथल्या हिंदी लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडावा. त्यात गुजराती दुकानदार पुष्कळ होते. पिढ्यान् पिढ्या तिकडं राहिलेले. दुकान, घर, सामान टाकून त्यांना निघावं लागलं. २७-२८ हजार माणसं इंग्लंडात गेली. त्यांतली कितीतरी लेस्टरला जाणार होती, कारण तिथं त्यांचे नातलग होते.

लेस्टरच्या नगरपालिकेनं काय करावं? तिनं युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की आमच्याकडं येऊ नका, घरं नाहीत, शाळा भरल्या आहेत. त्या दिवसांत बातमीदार मायक्रोफोन घेऊन लेस्टरच्या रस्त्यांवर फिरत होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होते. कुणी म्हणे, येऊ द्या बिचाऱ्यांना. कुणी म्हणे, आम्हालाच पुरत नाही, यांना कुठून द्यायचं? काहींचं बोलणं तर ऐकवत नाही इतकं कडू.

पण आले ते लोक. राबले. दुकानं काढली. आज लेस्टरची दिवाळी बघायला लांबून लोक येतात. त्या नगरपालिकेनंही पुढं आपली जाहिरात चुकली असं मानलं.

ही चित्रं आज त्या घरांतली नातवंडं पाहतात. आपला आजा एका पेटीनिशी उतरला तेव्हा गाव काय म्हणत होता, ते त्यांना कळतं. काहींना वाटेल, असलं कडू कशाला जपायचं? आमचं मत असं, की जपावं. आमच्या रजिस्टरात आम्ही कुणाची जन्मतारीख गोड करून लिहिली नाही. जी होती ती लिहिली.

चिठ्ठीची किंमत

आता मघाचा प्रश्न. फिल्म मुकी असली तर ओळखायची कशी?

अमेरिकेत टेक्सास राज्यात फोर्ट वर्थ शहरी १९४८ साली एक केंद्र सुरू झालं. त्याच्या जुन्या बातम्यांच्या फिल्मा आज नॉर्थ टेक्सास विद्यापीठाकडं आहेत. तिथं फिल्मांबरोबर कागदही आले. बातमी वाचणाऱ्यासाठी टाइप केलेलं पान, त्यावर तारीख, कोणती बातमी, काय बोलायचं. फिल्म मुकी असली तरी कागद बोलतो. गारा कुठं पडल्या, कोणत्या रस्त्यावर अपघात झाला, कुठल्या शाळेचं स्नेहसंमेलन झालं, हे त्या पानावरून कळतं. चिठ्ठी नसती तर ती नुसती हलणारी सावली राहिली असती.

आमच्याकडं एकदा रजिस्टराची दोन पानं सुटी झाली होती. वर वर्ष नव्हतं. ती कोणत्या सालची, हे लावायला आम्हाला आठ दिवस लागले होते. म्हणून हे आम्हाला चटकन पटलं.

शाई आणि पाटी

१९७० नंतरच्या दहाएक वर्षांत फिल्म मागं पडली आणि टेप आली. टेप म्हणजे गाण्याच्या कॅसेटमध्ये असते तशी तपकिरी पट्टी. पण रुंद. तिच्यावर चित्र आणि आवाज दोन्ही उतरतात. धुवायला नको, वाळवायला नको. आणली की लावली. बातमीवाल्यांना ती फार सोयीची वाटली.

पण तिच्यात एक गुण असा होता, की तोच दोष ठरला. फिल्म म्हणजे शाईनं लिहिलेला कागद. एकदा लिहिलं ते लिहिलं. टेप म्हणजे पाटी. पुसा आणि पुन्हा लिहा. टेप महाग होती. तेव्हा कालची बातमी पुसून तिच्यावर आजची उतरवायची, असं जगभर चाललं. बड्या बड्या केंद्रांतही चाललं. त्यामुळं उलटीच तऱ्हा झाली. आधीच्या काळची फिल्म कुठं कुठं मिळते, आणि नंतरची टेप मिळत नाही.

आमच्या गावची टेपही अशीच गेली.

१९८७ साल होतं. पाण्याचे हाल होते. गावानं ठरवलं, की ओढ्यावर श्रमदानानं बांध घालायचा. शाळेतली मोठी मुलंही आम्ही नेली होती. कुठून कसं कळलं कोण जाणे, एक दिवस जीप आली. तिघं जण उतरले, खांद्यावर कॅमेरा. सारं गाव काम टाकून भोवती जमलं.

सरपंच चांगले अर्धा तास बोलले. त्यांनी नवं धोतर नेसून यायला माणूस घरी पाठवला होता, ते आलं तेव्हा बोलणं संपलं होतं. मग बातमीदाराचं लक्ष कुंभारवाड्यातल्या एका म्हातारीकडं गेलं. डोक्यावर मातीचं घमेलं घेऊन ती बांधावर चढत होती. गावात सगळे तिला आजीच म्हणत. त्यानं तिला थांबवलं आणि विचारलं, "आजी, या वयात हे कष्ट कशाला?" आजी काहीतरी बोलली आणि सगळे हसले.

तिसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीच्या टीव्हीपुढं पाय ठेवायला जागा नव्हती. संध्याकाळच्या मराठी बातम्या लागल्या. आमचा ओढा दिसला, आमची पोरं दिसली. सरपंच दिसले नाहीत. आजी दिसली, बोलताना. सरपंच आठवडाभर कुणाशी धड बोलले नाहीत, ही गोष्ट वेगळी.

दोन वर्षांनी आजी वारली. तिचा एकही फोटो नव्हता. लग्नातला नाही, रेशनकार्डावरचा नाही. कुंभारवाड्यात तेव्हा फोटो काढायचे कुणाला सुचत होतं?

२०११ साली तिची नात आमच्याकडं आली. आमच्याच शाळेत शिकलेली. तालुक्याला शिक्षिका झालेली. म्हणाली, "गुरुजी, माझ्या मुलीनं विचारलं, की तुझी आजी कशी दिसायची? मला सांगता येईना. ती बातमी कुठं मिळेल का हो?"

आम्ही पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं, तिसरं लिहिलं. शेवटी नातीला घेऊन स्वतःच गेलो. त्या कार्यालयाचं नाव आम्ही इथं घेत नाही. तिथले कारकून भले होते. त्यांनी आम्हाला बसवलं, चहा दिला, आणि एक जुनी वही काढली. आमच्या रजिस्टरासारखीच. बोट फिरवत फिरवत ते एका ओळीवर थांबले. आमच्या गावचं नाव होतं. पुढं 'श्रमदान' असं लिहिलं होतं. एक मिनिट चाळीस सेकंद. टेपचा नंबर होता. आमच्या छातीत धडधडायला लागलं.

मग त्यांनी पान उलटलं. तोच नंबर पुढं लाल शाईनं पुन्हा लिहिलेला होता. त्यावर कसल्या तरी उद्घाटनाचा समारंभ उतरवलेला होता. त्यापुढं आणखी एकदा तोच नंबर, आणखी तिसरं काही. कारकून म्हणाले, "टेपा कमी यायच्या हो, गुरुजी. काय करणार?" आम्ही त्यांना बोल लावला नाही. नातीनं त्या ओळीचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. आजीचा फोटो नाही, निदान आजीच्या बातमीच्या ओळीचा तरी.

परत येताना ती एस.टी.त बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "गुरुजी, आजी त्या दिवशी बोलली तरी काय होती? निदान ते तरी लिहून ठेवू."

दुसऱ्याच रविवारी आम्ही दोघं गावात फिरलो. त्या दिवशी बांधावर होती अशी माणसं गाठली. एक म्हणाला, आजी म्हणाली, "पाणी थांबलं, तर सुना थांबतील." दुसरा म्हणाला, छे छे, ती म्हणाली होती, "माझं काय, मी चालले, पण हंडा मागं राहतोय ना!" तिसरी, आजीच्याच शेजारची, आता तिचं वय आजीएवढं झालेलं. ती म्हणाली, "या दोघांचं काही ऐकू नका. ती म्हणाली, सरपंच नुसते बोलतात, माती मी वाहते. म्हणून तर सारे हसले."

नातीनं आमच्याकडं पाहिलं. "आणि तुम्हाला काय आठवतं?"

आम्ही त्या वेळी पोरांना कॅमेऱ्यापुढून मागं ओढत होतो. आजीचं उत्तर आम्हाला धड ऐकूच आलं नव्हतं. आम्हाला आठवतं ते आधीचं. कॅमेरावाला खांद्यावरचं ओझं सावरत होता, तेव्हा आजीनं घमेलं खाली ठेवलं आणि त्याला विचारलं, "लेकरा, भाकर खाल्लीस का?" ते बातमीत दाखवलं नव्हतं.

नात म्हणाली, "चारही लिहा." आम्ही चारही लिहिली. कुणी सांगितलं त्याचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, आणि खाली तारीख घातली.